पांबनचा तूक्कुपालम

मदुराई मागे पडली की जमीन हळूहळू सपाट होत जाते आणि हिरवा रंग आटत जातो. रामनाथपुरम जिल्हा कोरडा. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला इथे माणदेश आठवतो : तीच वेडी बाभूळ, तेच तळ गाठलेले तलाव, रस्त्याकडेला बाभळीच्या कोळशाने भरलेली पोती. बाजारात मिरची दिसते ती ब्याडगीसारखी लांब, सुरकुतलेली नाही, सुपारीसारखी गोल. तिचं नाव मुंडू. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पुढे बाभळींमधून ताडाची झाडं डोकं काढू लागतात, मातीत वाळू मिसळते आणि बसच्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला खारा वास येऊ लागतो.

२०२५ च्या ऑगस्टमधली ही सकाळ. शेजारच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत तोंड डाक लावून बंद केलेला तांब्याचा छोटा गडू. मला तमिळ येत नव्हतं, त्यांना हिंदी येत नव्हतं. मी गडूकडे पाहिलं तेव्हा त्यांनी एकच शब्द उच्चारला, ‘काशी’. पुढे विचारायचं काही उरलंच नाही.

काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वरची वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडायची, ही यात्रा मराठी घरांना नवी नाही. एकनाथांची गोष्ट तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. रामेश्वरासाठी कावडीने आणलेलं गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं आणि रामेश्वर इथेच पावला म्हणाले. ती गोष्ट ऐकताना गाढव डोळ्यांसमोर येतं, नाथ येतात. पण कावड किती लांब जायची होती, हे कधी मनात येत नाही. ते अंतर काय होतं, आणि त्याच्या शेवटी आणखी एक समुद्र कसा उभा होता, हे मंडपम आलं की कळतं.

मंडपम हे मुख्य भूमीवरचं शेवटचं गाव. इथे मासेमारीवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुख्यालय पूर्वी इथेच होतं. ‘मंडपम कॅम्प’ हे नाव मात्र माशांमुळे पडलेलं नाही. सिलोनच्या चहामळ्यांवर मजुरीला जाणाऱ्या तमिळ माणसांना इथल्या छावणीत थांबवून, तपासून पुढे सोडत. त्याच छावणीच्या आवारात पुढे श्रीलंकेतून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. एका पिढीला इथून पलीकडे पाठवलं आणि दुसऱ्या पिढीला इथेच परत घेतलं. आणखी पुढे, अगदी पाण्याच्या काठावर, तोणित्तुरै नावाची जागा आहे. तोणी म्हणजे होडी आणि तुरै म्हणजे धक्का. एकेकाळी यात्रेकरू इथे होडीची वाट पाहत बसायचे. कोकणात दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीवर तरीची वाट पाहत जी माणसं बसली आहेत, त्यांना हे बसणं वेगळं सांगायला नको. पूल होऊन शंभरावर वर्षं झाली, पण जागेचं नाव होडीचंच राहिलं.

बस रस्त्याच्या पुलावर चढते आणि आतली बोलणी एकदम थांबतात. आजींनी गडू दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. दोन्ही बाजूंना समुद्र. उत्तरेची पाल्कची सामुद्रधुनी सपाट, फिकट हिरवी, तळ्यासारखी निवांत. दक्षिणेचं मन्नारचं आखात गडद निळं, आणि ऑगस्टच्या वाऱ्याने त्यावर पांढरे फेस फुटत होते. इथली माणसं या दोन समुद्रांना वेगळी नावं देतात : उत्तरेचा ‘पेण कडल’, म्हणजे बाई-समुद्र, आणि दक्षिणेचा ‘आण कडल’, म्हणजे पुरुष-समुद्र. दोघांच्या मधली चिंचोळी, वळणं घेत जाणारी वाट म्हणजे पांबनची खाडी. पांबु म्हणजे साप. नाव त्यावरूनच पडलं, असं गावात सांगतात.

रस्त्याचा हा पूल १९८८ मध्ये खुला झाला. त्याआधी चौऱ्याहत्तर वर्षं रामेश्वरच्या बेटावर जाण्याची एकच पक्की वाट होती, ती शेजारी खाली दिसते : पाण्याला जवळजवळ टेकलेली, चंदेरी रंगाच्या गर्डरांची लांबलचक रांग, आणि मधोमध दोन त्रिकोणी सांगाडे एकमेकांसमोर. हाच पांबनचा जुना रेल्वे पूल. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी तो सुरू झाला. लांबी सुमारे २ किलोमीटर, १४५ गाळे आणि मध्ये एक उघडणारा गाळा. बराच काळ भारतातला समुद्रावरचा सगळ्यात लांब पूल हाच होता.

पुलापलीकडे उतरून पांबन गावात आलो की रामेश्वरची घाई थोडी बाजूला ठेवावी. बहुतेक यात्रेकरू पुलावर गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि निघतात. पुलाखालच्या किनाऱ्यावर जायला पाच-दहा मिनिटं चालावं लागतं. वाटेत सुकी मासळी पसरलेली असते. तमिळमध्ये तिला करुवाडु म्हणतात, आणि तो वास आपल्या वेसावे-हर्णैच्या सुकटीचा सख्खा भाऊ आहे. जाळी दुरुस्त करणारे, बर्फाच्या लाद्या फोडणारे, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन भरभर चालणाऱ्या बाया. या किनाऱ्यावरच्या कितीतरी बायका समुद्रात बुड्या मारून शेवाळ काढतात. डोळ्यांवर चष्मा, बोटांना खरचटू नये म्हणून कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या, कमरेला पिशवी. आपल्या किनाऱ्यावर कोळणी बाजार चालवतात, तोंडाने आणि हिशोबाने खमक्या असतात. पण पाण्यात उतरणं पुरुषांचं काम. इथे बायका स्वतः बुडी मारतात. मला याचं मोठं अप्रूप वाटलं.

चहाच्या टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. रेल्वेत नोकरी झालेली. त्यांच्याकडे मोडकं हिंदी होतं आणि सांगण्याची हौस होती. मी पुलाला ‘ब्रिज’ म्हणालो, त्यांनी मान हलवली. ‘तूक्कुपालम’. उचलायचा पूल. इथे त्याला सगळे असंच म्हणतात. मग त्यांनी दोन्ही पंजे बोटांना बोटं लावून आडवे धरले आणि मनगटातून हळूहळू वर उघडले. पूल कसा उघडायचा ते एवढ्या एका हालचालीत कळलं.

आता जरा जवळून पाहू. मधला गाळा दोन पात्यांचा आहे. प्रत्येक पात्याचं वजन ४१५ टन. प्रत्येक पात्याच्या मागच्या टोकाला पोलादी कमानीसारखी मोठी वक्र कड आहे. पातं वर जाऊ लागलं की ही कड सपाट पट्टीवरून मागे लोळत जाते, झुलती आरामखुर्ची मागे कलते तशी. पुढचं टोक आकाशात, मागचं जड टोक खाली. कोकणात जुन्या विहिरींवर लाट असायची, तिचंच हे तत्त्व : लांब वासा, एका टोकाला पोहरा, दुसऱ्याला बांधलेला दगड. दगड पोहऱ्याचं वजन तोलून धरतो, म्हणून एकटी बाई भरलेला पोहरा सहज वर घ्यायची. पांबनला पोहऱ्याच्या जागी चारशे टनांचं पोलाद आहे, आणि ते उचलायला यंत्र नव्हतं. दोन्ही काठांवर माणसांच्या टोळ्या दांडे धरून गोल फिरायच्या आणि दातेरी चाकं पाती उचलायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत हे काम माणसांच्या हातांनी झालं. म्हाताऱ्यांनी तळहात पुढे करून दाखवले. घट्टे अजून होते.

ही रचना ज्याच्या नावाने ओळखली जाते तो विल्यम शेर्झर शिकागोचा इंजिनिअर. १८९३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. आपल्या पद्धतीचा एकही पूल पूर्ण झालेला त्याने पाहिला नाही. त्याच वर्षी त्याच शिकागोत स्वामी विवेकानंद बोलायला उभे राहिले, आणि चार वर्षांनी, जानेवारी १८९७ मध्ये, परतताना त्यांनी भारताच्या मातीवर पहिलं पाऊल ठेवलं ते याच पांबनला. रामनाडचे राजे भास्कर सेतुपती त्यांना घ्यायला आले होते. पांबनजवळ कुंदुकाल इथे त्या आगमनाचं स्मारक आहे. स्वामी होडीने उतरले, कारण तेव्हा पूल नव्हता. पुढे त्याच खाडीवर शिकागोच्या माणसाच्या कल्पनेतला पूल उभा राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण पांबनच्या किनाऱ्यावर उभं राहिल्यावर दोन्ही एकदम आठवतात आणि मन भरून येतं.

एवढी यातायात कशासाठी, हा प्रश्न मला टपरीवर पडला. उंच पूल बांधला असता तर उघडझाप लागलीच नसती. पण आगगाडीला उंच चढण सोसत नाही, आणि १९११ मध्ये, काम सुरू झालं तेव्हा, दोन किलोमीटरभर उंच खांब समुद्रात रोवणं परवडण्यासारखं नव्हतं. दुसरी बाजू अशी की या खाडीतून होड्या आणि लहान जहाजं पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होती. पूल बांधून ती वाट बंद केली असती तर मन्नारच्या आखातातून पाल्कच्या सामुद्रधुनीत यायला पूर्ण श्रीलंकेला वळसा पडला असता. म्हणून पूल खाली ठेवला आणि मधोमध दार बसवलं. जमिनीवरच्यांची वाट आणि पाण्यावरच्यांची वाट एकमेकींना आडवी येते तिथे कोणाला तरी थांबावं लागणार; पांबनला गाडी थांबायची, माणसं दांडे फिरवायची आणि होड्या जायच्या. देवाला जाणाऱ्यांची घाई मोठी की पोटासाठी समुद्रात जाणाऱ्यांची, असा वाद कधी घातला गेला नाही. मला या पुलाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच गोष्टीसाठी.

आपल्याकडे किनाऱ्यावरून बेटापर्यंत सेतू बांधण्याचा सगळ्यात धाडसी प्रयत्न झाला तो लढाईत. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिरा घेण्यासाठी समुद्रात दगड टाकून भराव घालायला सुरुवात केली होती. मोगल कल्याणवर आले आणि ते काम सोडावं लागलं. राजापुरीच्या धक्क्यावरून आजही जंजिऱ्याला शिडाच्या होडीनेच जातात. पांबनला बेट कोणाला जिंकायचं नव्हतं, फक्त पोचायचं होतं.

खरं तर रेल्वेलाही रामेश्वर हा शेवट नव्हता. मद्रासहून सुटणारी बोट मेल या पुलावरून बेटावर यायची आणि बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीला, धक्क्यावर जाऊन थांबायची. तिथून आगबोट तलाईमन्नारला, आणि तिथून सिलोनची गाडी कोलंबोला. मद्रासच्या माणसाला कोलंबो एका तिकिटात होतं. आता त्या वाटेचं शेवटचं टोक समुद्रात आहे.

२२ डिसेंबर १९६४ ची रात्र. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या अलीकडे पोचली तेव्हा चक्रीवादळ बेटावर आदळलं. लाट आली आणि गाडी गेली. शंभराहून अधिक माणसं. धनुष्कोडी गाव त्या रात्री संपलं आणि सरकारने ते राहण्यास अयोग्य ठरवलं. पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात पडले. उभा राहिला तो मधला उघडणारा गाळा.

पूल दुरुस्त करण्यासाठी रेल्वेने सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीन केले. काम ज्याच्याकडे सोपवलं तो इंजिनिअर बत्तीस वर्षांचा होता. त्याने पाण्यात पडलेले गर्डर शोधून वर काढले, पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत गाडी सुरू केली. त्याचं नाव ई. श्रीधरन. मराठी माणसाला हे नाव कोकण रेल्वेमुळे ठाऊक आहे. रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावरून गाडी जाताना आपण खिडकीतून खाली पाहतो आणि पोटात खड्डा पडतो. त्या मार्गाचा प्रमुख पांबनच्या समुद्रात घडलेला होता. कोकणात जे काही त्याने उभं केलं, त्याची पहिली परीक्षा या खाडीत झाली होती, असं मी मानतो.

संध्याकाळी रामेश्वर. गल्ल्यांमध्ये शंख-शिंपल्यांची दुकानं, ताडाच्या पानांच्या टोपल्या, ताडगूळ. इथे त्याला करुपट्टी म्हणतात. काळा, खमंग, जिभेवर किंचित धुराची चव ठेवणारा. जेवायला केळीचं पान. पाणी शिंपडून पान आपणच पुसायचं, आणि वाढप्याने भात घातला की मध्ये आळं करायचं. आपल्याकडे पंगतीत वरण-भातावर लिंबू आणि तूप आलं की जेवण सुरू होतं. इथे सांबार झालं की रसम, रसम झालं की ताक, प्रत्येकासाठी पुन्हा भात. जेवण असं पायऱ्यांनी उतरत जातं. देवळाच्या आसपास शाकाहारी खाणावळी आणि कोळीवाड्याच्या बाजूला परोट्टा आणि तळलेलं वंजिरम. वंजिरम म्हणजे आपली सुरमई. मसाल्यात कोकम नाही, चिंच आहे, आणि मुंडू मिरचीचा रंग लालभडक असला तरी तिखटपणा सोसतो.

पहाटे अग्नितीर्थावर समुद्रस्नान आणि मग देवळातली बावीस तीर्थं. ही तीर्थं म्हणजे बहुतेक विहिरी. काठावर उभा राहिलेला माणूस दोर लावलेली बादली खाली सोडतो, एका झटक्यात भरून वर घेतो आणि रांगेतल्यांच्या डोक्यावर रिकामी करतो. ओलेत्याने एका विहिरीकडून दुसरीकडे जायचं. पंजाबी, बंगाली, तेलुगू, मराठी, सगळे सारखेच भिजलेले, सारखेच कुडकुडणारे. चारी बाजूंनी समुद्र आणि या विहिरींचं पाणी गोडं. मी तीन ठिकाणी ओंजळीत घेऊन चाखलं, प्रत्येकाची चव निराळी लागली.

मग तो प्रदक्षिणेचा मार्ग. १,२१२ खांब. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाची माणसं बोटाएवढी दिसतात. सेतुपती राजांनी अठराव्या शतकात हे काम पुरं केलं. बेटावर एवढा दगड नव्हता, सगळा पलीकडून होड्यांनी आणलेला. पूल नसताना.

गाभाऱ्यापाशी मला मोठा धक्का बसला. तमिळनाडूतल्या इतर बहुतेक शिवमंदिरांत पूजा करणारे तमिळ शिवाचार्य असतात. रामेश्वरला गाभाऱ्यात पूजा करणारे ब्राह्मण मूळचे महाराष्ट्रातले. शृंगेरी मठाची दीक्षा घेऊन ते इथे पूजा करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या या बेटावर राहिले आहेत. घरात आता तमिळ बोललं जातं. तंजावरचे भोसले राजे सगळ्यांना ठाऊक असतात. सरफोजी राजांनी ओरत्तनाडूला बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आणि रामेश्वरच्या वाटेवरची बाकी छत्रं, जिथे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या वाटसरूला जेवण मिळायचं, तीही पुस्तकांतून वाचलेली असतात. पण काशीची गंगा इतक्या लांब आणून ज्याच्या हातात द्यायची, तो हातही कधीकाळी आपल्याकडूनच आलेला असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बसमधल्या त्या आजी रांगेत दिसल्या. गडू आत गेला आणि त्या कितीतरी वेळ रिकाम्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

देवळापासून थोड्या अंतरावर, मशीद रस्त्यावर, ए. पी. जे. अब्दुल कलामांचं घर आहे. त्यांच्या वडिलांची होडी होती. यात्रेकरूंना ते रामेश्वरहून धनुष्कोडीला नेत आणि परत आणत. दुसऱ्या महायुद्धात गाडीचा रामेश्वरचा थांबा बंद झाला तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकले जाऊ लागले, आणि ते गोळा करायला चुलतभावाने लहानग्या कलामांना बरोबर घेतलं. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली कमाई. म्हणजे तीही या पुलावरून आलेल्या गाडीनेच दिली. होडीवाल्याच्या मुलाला रेल्वेने पैसे दिले, हे मला फार बोलकं वाटलं. पूल आल्यावर होडी संपते, असं सरसकट म्हणता येत नाही. पांबनमध्ये आजही दोन्ही आहेत.

धनुष्कोडीला जाणारा रस्ता आता बेटाच्या शेवटच्या टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, डांबरी आहे. दोन्ही समुद्र एकदम जवळ येतात. वाटेत चर्चच्या भिंती, रेल्वे स्टेशनचे अवशेष, पाण्याची टाकी, सगळं पोवळ्याच्या दगडाचं, वाळूत अर्धं गाडलेलं. शंख विकणारी मुलं, मासे तळणाऱ्या बाया. त्यांच्या टपऱ्या ताडाच्या झावळ्यांच्या आहेत. जिथे आगबोटीचा धक्का होता तिथे यात्रेकरू वाळूच्या पिंडी करून बेलाऐवजी जे हाताला मिळेल ते वाहत होते. मीही एक पिंड केली. मूठभर वाळू पिशवीत घेतली, प्रयागसाठी.

परतीचा प्रवास आगगाडीने केला, मुद्दाम. गाडी आता नव्या पुलावरून जाते. ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, तो सुरू झाला. जुन्याच्या शेजारी, त्याहून तीन मीटर उंच. मधला गाळा ७२.५ मीटरचा, आणि तो पात्यांसारखा उघडत नाही. अख्खाच्या अख्खा सरळ वर जातो, १७ मीटर, लिफ्टसारखा. विजेवर. भारतात समुद्रावर असा पूल पहिलाच. जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल व्हायचा, गाडी रांगत जायची, खाऱ्या हवेने पोलाद वर्षभर पोखरलं जायचं आणि माणसं वर्षभर ते खरवडून रंगवायची. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाडी गेलेली नाही. नवा पूल हवाच होता, याबद्दल पांबनमध्ये कोणाचं दुमत आढळलं नाही.

गाडी पुलावर आली आणि डब्यातली सगळी माणसं दारांकडे, खिडक्यांकडे सरकली. कुणी नाणी टाकली, कुणी हात जोडले. नवा गाळा केव्हा आला आणि केव्हा गेला, कळलंही नाही. खिडकीसमोर मात्र ती जुनी दोन पाती होती. गंज चढलेली वक्र कड, दातेरी चाकं, आणि दांडे फिरवायला माणसं जिथे उभी राहायची तो अरुंद कट्टा. खांबांमधून एक होडी आपली आपण चालली होती. शेजारच्या डब्यातून कुणीतरी लहान मुलाला ते दाखवत होतं, आणि शब्द कानावर आला : तूक्कुपालम.

आता जुना पूल काढून टाकण्याची भाषा सुरू झाली आहे. गाळे काढावेत, खाडीत गंजत पडलेलं पोलाद होड्यांच्याही मुळावर येईल. पण ती दोन पाती भंगारात जाऊ नयेत. १९६४ च्या रात्री बाकी सगळं पडलं तेव्हा तीच उभी राहिली होती. रेल्वेने त्यातलं एक तरी पातं, त्याच्या वक्र कडेसह आणि हातांच्या दांड्यांसह, पांबनच्या किनाऱ्यावर उभं करावं. शाळेतल्या मुलांना दांडा फिरवून बघता येईल असं. त्याच्या पायाशी दांडे फिरवणाऱ्यांची नावं लिहावीत. ती नावं रेल्वेच्या हजेरीपटांत असणारच. आणि रामेश्वरला निघालेल्या मराठी वाचकांना विनंती : एक दिवस पांबनसाठी राखून ठेवा, बसमधून अलीकडेच उतरा आणि पुलाखालच्या किनाऱ्यापर्यंत चालत जा.